सासूबाईंचं सूप आणि पुड्यांवरची नावं

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या सांगलीच्या, घरच्या शाकाहारी. बारा वर्षांपूर्वी तिथल्याच एका कॅन्टोनीज, म्हणजे मूळच्या दक्षिण चीनमधल्या कुटुंबात त्यांचं लग्न झालं. सासूबाई आता ७४ वर्षांच्या आहेत. दर शनिवारी त्या मुळ्या, बिया, सुकी फळं घालून तीन-तीन तास सूप शिजवायच्या आणि घरात कोणी किती प्यायचं तेही त्याच ठरवायच्या. दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालतात, पण गॅसपाशी फार वेळ उभं राहवत नाही. त्यांनी पुड्यांचा डबा सुनेच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "आता तू कर."

मैत्रीण लिहितात : "पुड्यांवर सगळं चिनी अक्षरांत. जवळच्या मेडिकल हॉलमध्ये, म्हणजे चिनी औषधांच्या दुकानात गेले, तर दुकानदारानं 'ऑपरेशननंतर ताकद येईल' म्हणून आणखी चार पुड्या बांधून दिल्या. सासूबाईंच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यामुळे तीन वर्षांपासून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, हर्ब्ज बंद. नवरा म्हणतो, आई जन्मभर हेच पीत आली, काही झालं नाही. सूप नसेल तर सासूबाई दोन घास खाऊन उठतात. दिवाळीला माझी आई येणार आहे. ती फोनवर म्हणते, त्यांच्या त्या काड्या कशाला, मी अश्वगंधा आणि सुंठ आणते, ती टाक, आपलं आपल्याला माहीत असतं. मी स्वतः आयुष्यात कधी कोंबडी धुतलेली नाही. सूप केलं तर डॉक्टरांचं मोडल्यासारखं, नाही केलं तर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढल्यासारखं. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याला काही अर्थ आहे का, हेही कळत नाही. काय करू?"

सगळ्यात आधी तो डबा जेवणाच्या टेबलावर रिकामा करा. सासूबाईंना समोर खुर्चीत बसवा, नवऱ्याला पुड्यांवरची नावं वाचायला लावा आणि तुम्ही वही-पेन घेऊन बसा. सध्या तुमच्या घरात चार माणसं चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत आणि सगळ्यांनी मिळून त्याला 'हर्ब्ज' हा एकच शब्द लावला आहे. डॉक्टरांच्या मनात वॉरफरिनशी भांडणाऱ्या मुळ्या आहेत. सासूबाईंच्या मनात शनिवारची संध्याकाळ आहे. दुकानदाराला ताकद दिसते आणि तुमच्या आईला आपलं-त्यांचं. तुम्ही मात्र असं धरून चाललात, की हा डबा एकतर पूर्ण उघडायचा नाहीतर पूर्ण बंद करायचा. तसं मुळीच नाही.

मी चार वर्षं मलेशियातल्या पेनांगला होते. शेजारी एक चिनी आजी राहायच्या. त्यांच्याकडून मी ही सूपं शिकले, म्हणून तुमच्या पत्रातला तो डबा मला अगदी डोळ्यांसमोर दिसला. आजी सूपाची वाटी देण्याआधी चौकशी करायच्या. झोप लागते का, पोट साफ आहे का, जीभ दाखव बघू. एकदा मला सणकून सर्दी झाली होती आणि मीच होऊन जिनसेंग या ताकदीच्या मुळीचं सूप मागितलं. त्यांनी ठाम नकार दिला. म्हणाल्या, चोर घरात असताना बाहेरून दार लावून घेतेस का? ही चिनी वैद्यकातली जुनीच म्हण आहे : दुखणं अंगात असताना बळ देणारं खाल्लं तर ते दुखण्यालाच आत कोंडून ठेवतं. दुसरीही एक म्हण त्या सांगायच्या, की फार अशक्त देहाला बळ देणारं सोसत नाही. तुमच्या दुकानदारानं ऑपरेशन ऐकलं आणि चार पुड्या बांधल्या. पण माणूस न बघता, त्याच्या गोळ्या न विचारता ताकदीची पुडी देणं त्यांच्या स्वतःच्या परंपरेतही बसत नाही.

अर्थ आहे का, हा तुमचा प्रश्न मी बाजूला टाकणार नाही. चीनमध्ये आहार आणि औषध यांची सांगड फार जुनी आहे. 'झोऊ ली' या प्राचीन ग्रंथात दरबारी वैद्यांचे चार प्रकार दिले आहेत, त्यांत पहिला आहाराचा वैद्य. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्यानं लिहून ठेवलं, की वैद्यानं आधी रोगाचं मूळ समजून घ्यावं, अन्नानं बरं करून पाहावं आणि अन्नानं भागलं नाही तरच औषधाकडे वळावं. १३३० साली मंगोल सम्राटाच्या दरबारातल्या हू सिहुई यानं आहारावर आख्खा ग्रंथ सादर केला. त्यातल्या रश्श्यांत मटण आहे आणि चक्क काबुली चणेही आहेत. म्हणजे ही पद्धत कधी बंद डब्यात राहिली नाही. जो प्रदेश, जी माणसं, जे धान्य भेटलं ते तिनं भांड्यात घेतलं.

पण जुनं आहे म्हणून प्रत्येक दावा खरा, असं मी म्हणणार नाही. सूप प्यायल्यानं मोडलेलं हाड लवकर जुळतं असं कोणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका. हाडाला प्रथिनं लागतात, कॅल्शियम लागतं, ड जीवनसत्त्व लागतं आणि फिजिओथेरपिस्टनं सांगितलेली हालचाल लागते. त्याच वेळी, जी बाई सूप नसेल तर दोन घासांवर उठते आणि सूप असेल तर पोटभर जेवते, तिच्यासाठी ते सूप निरर्थक कसं म्हणायचं? सूपाचं तेवढं काम मला पुरेसं वाटतं.

आता टेबलावरच्या पुड्यांचे तीन ढीग करू.

पहिला ढीग खाण्याचा. त्यात कमळबिया येतील, लिलीच्या कंदाच्या पांढऱ्या पाकळ्या येतील, हुआयशान येईल. हुआयशान म्हणजे खडूसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या चकत्या. हा कंद आपल्या कोनफळाच्या भावकीतला. फुलिंग येईल, ती पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, चवीला जवळजवळ काहीच नाही. लाल खजूर म्हणून ज्याला तिथे हाक मारतात ते खजूर नव्हेच, ते बोर आहे, आपल्या बोराचं चुलत भावंड. आणि छियेनशी, गोल, अर्धी लालसर अर्धी पांढरी बी. ती हातात घेऊन नीट बघा. हा आपला मखाणा. तीच वनस्पती, तेच तळ्यात पसरणारं काटेरी पान. बिहारमध्ये बी भाजून फोडतात आणि तिची लाही होते. चीनमध्ये सोलून, वाळवून तशीच शिजवतात. २००२ साली चीनच्या आरोग्य मंत्रालयानं 'अन्नही आणि औषधही' अशा पदार्थांची यादी काढली, त्यात ही सगळी मंडळी आहेत. स्वयंपाकाच्या प्रमाणात हा ढीग बहुतेक घरांत निर्धोक असतो. तरी वॉरफरिन आहे म्हणून याही ढिगाची यादी डॉक्टरांना दाखवायची आहे. ते कसं, पुढे सांगते.

दुसरा ढीग खाण्यातलाच, पण सासूबाईंसाठी थांबवून ठेवायचा. त्यात गोजी बेरी, ती छोटी लाल सुकी फळं, पहिली. दिसायला इतकी निरागस, की तिच्याबद्दल कोणाला शंका येत नाही. पण वॉरफरिनवर असलेल्या माणसांनी गोजीचा चहा किंवा रस घेतला आणि रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा तपासणीतला आकडा, आयएनआर, नको इतका वाढला, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. याच ढिगात ज्येष्ठमध. आपल्या मावशीला मी खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा करून देत होते, चांगले दीड-दोन महिने. मावशीचा रक्तदाब वाढत गेला, पाय सुजले, आणि कारण माझ्याच हातचं निघालं. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. हृदयाचे ठोके आधीच अनियमित असणाऱ्या माणसाला ते अजिबात परवडणारं नाही.

तिसरा ढीग औषधाचा. दांगग्वेई, छ्वानश्योंग, ह्वांगछी, दांगशेन, दानशेन, जिनसेंग. दुकानदारानं बांधून दिलेल्या चार पुड्यांपैकी बहुतेक इथे येतील असा माझा अंदाज आहे. दांगग्वेई तुम्ही वासावरून ओळखाल : ओवा आणि जुनं लाकडी कपाट यांच्या मधला, नाकात बसणारा वास. चीनच्या २००२ च्या खाण्याच्या यादीत तिला जागा नव्हती, २०१९ मध्ये आली तीसुद्धा फक्त मसाला म्हणून, चिमटीच्या प्रमाणात. दांगग्वेईनं वॉरफरिनचा परिणाम वाढतो, दानशेननं तर फारच वाढतो, आणि अमेरिकन जिनसेंगनं उलट कमी होतो. म्हणजे एक मुळी रक्तस्रावाकडे ओढते, दुसरी गुठळीकडे. सासूबाईंच्या भांड्यात या ढिगातलं काही पडू नये, यात मला तिळमात्र शंका नाही.

आणि आता मघाच्या दोन नावांकडे परत बघा. दांगशेन आणि दानशेन. कॅन्टोनीजमध्ये दोंग साम आणि दान साम. पहिली सौम्य, पिवळट तपकिरी, लांबट सुरकुतलेली, चघळली तर गोडसर लागते; घराघरांतल्या सूपात असते. दुसरी विटकरी लाल, आणि वॉरफरिनशी तिचं वैर. कानाला एवढाच फरक. तुम्ही दुकानात नाव सांगून मागितलंत आणि दुकानदारानं गर्दीत दुसरंच ऐकलं, तर? हे मी भीती घालायला सांगत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यातल्या शंभराहून अधिक बायकांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, अनेकींची निकामी झाली. एका चिनी मुळीच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी, विषारी मुळी कॅप्सूलमध्ये गेली होती. 

म्हणून माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीवर आहे. भांड्यात जे पडेल त्याचं नाव तुम्हाला माहीत हवं. नाव माहीत नाही ती पुडी कितीही महागाची असो, कोणीही प्रेमानं दिलेली असो, ती भांड्यात जाणार नाही. मेडिकल हॉलमध्ये पुन्हा जा आणि प्रत्येक पुडीवर चिनी नाव, त्याचा रोमन लिपीतला उच्चार आणि लॅटिन नाव लिहून मागा. चांगला दुकानदार आनंदानं लिहून देतो. 'खास मिश्रण आहे' म्हणून टाळत असेल तर दुकान बदला. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची कायद्यानं नोंदणी होते, त्यासाठी २००० सालचा कायदा आहे. सासूबाईंना खरोखर वैद्यांची औषधं घ्यायची असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडे जावं आणि गोळ्यांची यादी सोबत न्यावी. काउंटरवरून घेतलेली पुडी म्हणजे वैद्यांचा सल्ला नव्हे.

तुमच्या यजमानांचं म्हणणं, की आई जन्मभर पीत आली, काही झालं नाही. त्यांचा राग समजतो. पण त्या वाक्यात एक गोष्ट दडलेली आहे जी डॉक्टरांना बहुधा माहीत नाही. सासूबाई तीन वर्षं वॉरफरिन घेत होत्या आणि त्याच तीन वर्षांत दर शनिवारी सूपही पीत होत्या. म्हणजे त्यांच्या गोळीचं प्रमाण सूपासकट जुळलेलं असू शकतं. आता दोन महिने सूप बंद, खाणं कमी, हालचाल कमी. गणित बदललं. हे डॉक्टरांना सांगितलं नाही तर त्यांना निम्मंच चित्र दिसतं, आणि निम्म्या चित्रावर कोणताही सावध डॉक्टर 'सगळं बंद' असंच म्हणणार.

सोमवारी अँटिकोॲग्युलेशन क्लिनिकला, म्हणजे वॉरफरिनसारख्या गोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या दवाखान्याला फोन करा. तिथल्या फार्मासिस्टला 'हर्ब्ज चालतील का' असं विचारू नका, उत्तर नाही असंच येईल. पहिल्या ढिगातली नावं आणि प्रमाण वाचून दाखवा आणि विचारा, की आठवड्यातून एकदा, चार माणसांच्या भांड्यात हे इतकं, त्यांनी एक वाटी प्यायली तर चालेल का, आणि सुरू केल्यावर आयएनआर कधी तपासायचा. आणखी एक विचारून घ्या. कॅन्टोनीज घरांत वॉटरक्रेसच्या पाल्याचं सूप फार आवडीनं करतात. त्यात एकही औषधी मुळी नसते, पण के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि एखाद्या आठवड्यात एकदम खूप पालेभाजी पोटात गेली तर वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. आपल्या पालकाचंही तेच. भाजी बंद करायची नसते, प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं असतं.

तुमच्या आईबद्दल. त्यांच्या बोलण्यात माया आहे आणि थोडा अभिमानही, त्याला माझी हरकत नाही. दोन्हीकडे उष्ण-थंड आहे, बाळंतिणीला जपणं आहे, आलं आहे, तीळ आहेत. त्यामुळे आपल्याला वाटतं की आपण त्यांचं सहज समजून घेऊ. इथेच फसगत होते. आपल्याकडे खेकडा उष्ण. सर्दी झाली की कोकणात खेकड्याचा रस्सा प्यायला देतात. चिनी घरात खेकडा थंड, म्हणून तो आल्याशिवाय खात नाहीत. शब्द तोच, वस्तू तीच, हिशेब उलटा. तेव्हा एका परंपरेच्या भांड्यात दुसरीची मुळी टाकू नका. अश्वगंधाही औषधच आहे, तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सुंठ वेगळी घालण्याची गरज नाही, सूपात ताज्या आल्याच्या दोन चकत्या असतातच.

आता कोंबडी. तुम्ही ती धुवायलाच पाहिजे असं कोणी ठरवलं? मला वाटतं हे तुम्ही स्वतःवर घेतलंय, कारण 'आता तू कर' या शब्दांत तुम्हाला सगळंच ऐकू आलं. सासूबाईंना विचारून बघा, की चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्या काय खायच्या. पुष्कळ चिनी घरांत हे दोन दिवस शाकाहाराचे असतात आणि त्या दिवशीचं सूप बिनमांसाचं. कमळकाकडी, शेंगदाणे, लाल बोरं आणि सुके मशरूम घालून केलेलं सूप तर कॅन्टोनीज घरात सगळे ओळखतात. एरवी त्यात डुकराच्या बरगड्या पडतात, उपासाच्या दिवशी नाही. सांगलीच्या बाईला शेंगदाणे आणि कमळकाकडी शिजवायला शिकवावं लागणार नाही.

घरच्यांना मांसाचंच हवं असेल तर ते काम यजमानांनी करावं. फार अवघड नाही. कोंबडीचे तुकडे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकायचे, वर आलेला करडा फेस पाण्यासकट ओतून द्यायचा, तुकडे धुवायचे आणि भांड्यात सोडायचे. त्यांच्याकडे काळ्या कातडीची कोंबडी यासाठी घेतात, आपल्या कडकनाथसारखीच, पण साधी कोंबडीही चालते. पुढचं भांडं तुमचं.

पहिल्या शनिवारसाठी मी चिंग बो लेउंग सुचवते. हे सौम्य सूप आहे, सिंगापूरच्या उकाड्यात घरोघरी होणारं, तिखट-मिठाचंही होतं आणि खडीसाखर घालून गोडही. चार जणांसाठी हुआयशान २० ग्रॅम, कमळबिया ३० ग्रॅम, छियेनशी २० ग्रॅम, लिलीच्या पाकळ्या १५ ग्रॅम, लाल बोरं सहा. पुडीत यूचू नावाच्या पिवळसर चपट्या मुळीचे तुकडे असतील तर तेही फोन करताना यादीत लिहा. कमळबिया अर्धा-पाऊण तास भिजवा, मग एक-एक बी उकलून मधला हिरवा कोंब काढा. कंटाळवाणं काम आहे, पण एक कोंब राहिला तरी सूपाला कडवटपणा येतो. हे काम सासूबाईंना बसल्या जागी करता येईल आणि त्या तुमच्यापेक्षा तिप्पट वेगानं करतील. बोरांतल्या बिया काढा. सगळं धुऊन दोन-सव्वादोन लिटर पाण्यात घाला, आल्याच्या दोन चकत्या टाका, मोठ्या आचेवर उकळी आणा आणि मग आच इतकी कमी करा की पाण्यावर कुठेतरी एखादाच बुडबुडा यावा.

कॅन्टोनीज बायका म्हणतात, नुसत्या आचेवर तीन तास, पाण्यात भांडं ठेवून चार तास. मांस नसेल तर दीड तास पुरे. मांस असलं तरी मी दीड-दोन तासांवर जाणार नाही. फार वेळ उकळलेल्या मांसाच्या सूपात प्युरिन नावाचं द्रव्य उतरतं, आणि ज्यांना गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी आहे, त्यांच्या सांध्यांना ते सोसत नाही. अधूनमधून झाकण उघडून ढवळत बसू नका. तासाभरानं हुआयशानच्या चकत्यांच्या कडा विरघळायला लागतात, पाणी फिक्या चहासारखं होतं आणि घरात उकडलेल्या कंदांचा गोडसर वास पसरतो. छियेनशी बोटानं सहज चेपली की झालं. मीठ अगदी शेवटी, आणि सासूबाईंच्या वाटीत बेतानंच. बाकीच्यांना गोजी हवी असेल तर सासूबाईंची वाटी आधी काढून ठेवा, मग चमचाभर गोजी टाकून दहा मिनिटं ठेवा. त्या फुगून नारिंगी झाल्या की गॅस बंद.

एक सवय मात्र या घरांत मला कधीच पटली नाही. सूप प्यायचं आणि भांड्यात उरलेलं मांस, बिया, कंद चोथा म्हणून टाकून द्यायचं. सगळा कस पाण्यात उतरला असं समजतात. प्रत्यक्षात बरीचशी प्रथिनं मांसातच राहतात. सासूबाईंच्या हाडाला आणि स्नायूंना तीच हवी आहेत. तेव्हा त्यांच्या वाटीत पाण्याबरोबर शिजलेल्या बिया, कोंबडीचे मऊ तुकडे किंवा टोफू असू द्या, आणि शेजारी भात. सूपानंच पोट भरलं तर जेवण राहून जातं, म्हणून वाटी लहान घ्या.

पांढरी बुरशी, ती झालरीच्या फुलासारखी दिसणारी, डब्यात असेल तर तिच्याबद्दल सांगायलाच हवं. आपण कडधान्य रात्रभर ओट्यावर भिजत टाकतो, त्या हिशेबानं ही भिजवू नका. उष्ण हवेत फार वेळ भिजत राहिली तर तिच्यात उकळूनही न जाणारं विष तयार होऊ शकतं आणि त्यानं माणसं दगावली आहेत. तास-दोन तास पुरे, बाकी फ्रिजमध्ये. आणि विकत घेताना फार पांढरी बुरशी, फार पांढरे लिलीचे कंद, नको इतकी लालभडक गोजी घेऊ नका. पुडी उघडल्यावर फटाक्याच्या दारूसारखा आंबूस उग्र वास आला तर गंधकाची धुरी दिलेली आहे असं समजा. किंचित मळकट, पिवळसर दिसणारा माल चांगला.

तुमच्यासारखी पत्रं मला हाँगकाँगहून, मेलबर्नहून येतात, आणि हल्ली पुण्या-मुंबईहूनही, तयार पाकिटं मागवणाऱ्यांची. त्यांच्यासाठी थोडं. गरोदर असाल तर दांगग्वेई लांब ठेवा, आणि कॉइक्स नावाचं सातूसारखं दिसणारं धान्यही चिनी घरांत गरोदर बाईला देत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर सूपांतलं पोटॅशियम डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर लाल बोरं, लाँगन (लिचीसारखं गोड फळ, सुकवलेलं), खडीसाखर हे तिन्ही साखरेच्या हिशेबात धरा. ऑपरेशन ठरलं असेल तर तिसऱ्या ढिगातलं जे काही घेत असाल ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. लहान मुलांना जिनसेंग कशाला? त्यांना कमळबियांची खीर द्या.

आणि सासूबाईंशी बोलताना 'डॉक्टर नाही म्हणतात' यानं सुरुवात करू नका. तीन ढीग त्यांच्यासमोर, त्यांच्या हातून लावा. मला पक्कं वाटतं, की तिसऱ्या ढिगातल्या निम्म्या पुड्या त्या स्वतःच बाजूला सारतील, कारण कोणाला काय चालत नाही हेच तर त्या बारा वर्षं दर शनिवारी ठरवत होत्या. फक्त आता ती ठरवण्याची वेळ त्यांच्या स्वतःच्या वाटीवर आली आहे आणि हे त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही. शिजवणारे हात तुमचे असू द्या. मीठ पुरे झालं का, ते खुर्चीतून त्यांनीच सांगावं. त्या सांगतील ते वहीत मराठीत लिहून ठेवा, पुडीवरचं नाव जसं ऐकू येईल तसं, शेजारी पुडीचा छोटा तुकडा चिकटवून.

आईंना फोन कराल तेव्हा सांगा, दिवाळीला अश्वगंधा नको, मखाणे आणा. तुपावर परता, मीठ घाला आणि सासूबाईंच्या हातात छियेनशीच्या पुडीसोबत द्या. इतकी वर्षं त्यांनी ती बी शिजवली आहे. तिची लाही फुटते हे त्यांनी बहुधा पाहिलेलं नसेल.